शिडाच्या जहाजावर तोफा कशाला चढवल्या?

ठाणे स्टेशनात उभ्या असलेल्या लोकलचे चार डबे मोजले, की साधारण ८३ मीटर भरतात. 'झेआडलर' हे जर्मन जहाज जवळपास तेवढंच लांब होतं. पोलादी सांगाडा, तीन डोलकाठ्या आणि पाण्याखाली साडेपाच मीटर. ओहोटीला वाशीच्या पुलावरून दिसणारा चिखल आठवा. आपल्या खाडीत ते किती आत आलं असतं, हे वेगळं सांगायला नको.

१८८८ साली स्कॉटलंडमध्ये बांधलेलं हे मालवाहू जहाज, मूळ नाव 'पास ऑफ बाल्माहा'. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, कापूस घेऊन न्यूयॉर्कहून रशियाकडे जाताना ते जर्मन पाणबुडीच्या हाती लागलं. जर्मन नौदलाने ते मोडीत काढलं नाही, शत्रूची मालवाहू जहाजं पकडण्यासाठी बदलून घेतलं.

आगबोटींच्या जमान्यात शीड का? कोळशामुळे. दूरच्या समुद्रात जर्मनीला कोळसा भरायला बंदर उरलं नव्हतं. मद्रासवर तोफा डागणारी जर्मन युद्धनौका 'एम्डेन' पकडलेल्या जहाजांच्या कोळशावर जगली. मुंबईबाहेर सुरुंग पेरणाऱ्या 'वोल्फ'लाही तेच करावं लागलं. (त्या सुरुंगांपैकी एकाने २३ जून १९१७ ला 'मंगोलिया' ही प्रवासी बोट बुडवली.) वाऱ्याला कोळसा लागत नाही आणि त्याचा धूरही होत नाही.

धूर नसण्याचा फायदा आकड्यांत पाहता येतो. डोळ्याची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि ३.५७ ने गुणा; क्षितिज किती किलोमीटरवर आहे ते कळतं. ५ मीटर उंचीवरून बघणाऱ्याला ८ किलोमीटर. ४० मीटरवर, म्हणजे नेरूळच्या एखाद्या तेरा मजली इमारतीच्या गच्चीएवढ्या उंचीवर चढलेल्या खलाशाला साडेबावीस. समोरच्या जहाजाची काठी ३० मीटर उंच असेल, तर तिचं स्वतःचं अंतर साडेएकोणीस. दोन्हींची बेरीज ४२ किलोमीटर, एवढ्या लांबून तिचा शेंडा दिसू शकतो. धूर त्याच्याही वर चढतो, म्हणून आगबोट आधीच उघडी पडते.

जहाजावर १०५ मिलिमीटरच्या दोन तोफा लपवल्या होत्या. वारा पडला तर चालवायला डिझेल इंजिन, शिवाय तळघरात कैद्यांसाठी जागा. डिझेल काही मिनिटांत सुरू होतं, बॉयलर तापायला तास लागतात. पण अशा जोडकामात एक खोट असते: शिडावर चालताना इंजिनाचा बंद पंखा पाण्यात अडसर होतो आणि वेग खातो. तोफांचं दुखणं वेगळं. वाऱ्याने जहाज एका बाजूला कलतं, त्याबरोबर तोफेचा कोन बदलतो, आणि दोर नि शिडं माऱ्याच्या आड येतात. खऱ्या युद्धनौकेशी गाठ पडली असती, तर काही मिनिटांत निकाल लागला असता.

म्हणून खरं हत्यार होतं सोंग. नॉर्वेचं लाकूडवाहू जहाज, नॉर्वेजियन बोलणारे खलाशी, डेकवर लाकडाच्या अशा थप्प्या की तपासणीसाला खाली उतरताच येऊ नये. १९१६ च्या नाताळात ब्रिटिशांनी खरोखरच तपासणी केली आणि जहाज सोडून दिलं.

भक्ष्य जवळ आणायची युक्ती तर फारच साधी: "वेळ काय झाली?" असा झेंड्यांचा इशारा. शिडाच्या जहाजाने हे विचारण्यात संशयास्पद काहीच नव्हतं. समुद्रात पूर्व-पश्चिम जागा घड्याळावरून काढत. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे घड्याळ ४ सेकंद चुकलं की विषुववृत्तावर जागा १.८५ किलोमीटरने चुकते. महिनोन्‌महिने बंदर न पाहिलेल्या जहाजाचं घड्याळ मागेपुढे होणारच. समोरचा कप्तान मदतीला जवळ यायचा, तेवढ्यात जर्मन झेंडा वर चढायचा.

एकूण १५ जहाजं पकडली गेली. कैदी तीनशेच्या आसपास झाले, तेव्हा त्यांना 'कॅम्ब्रॉन' या पकडलेल्या फ्रेंच जहाजावर बसवून ब्राझीलमधल्या रिओकडे धाडलं. आधी तिच्या डोलकाठ्यांचे वरचे भाग कापून. वरची शिडं गेली की वेग गेला. बातमी उशिरा पोहोचली आणि 'झेआडलर' केप हॉर्न वळसून पॅसिफिकमध्ये निसटलं.

तिथे तळ साफ करायला आणि ताजं अन्न मिळवायला ते मोपेलिया या प्रवाळबेटापाशी आलं. बेटाच्या मधल्या शांत पाण्यात शिरायची वाट त्याला पुरेशी नव्हती, म्हणून नांगर बाहेरच टाकला. २ ऑगस्ट १९१७ ला ते खडकावर आदळलं. कप्तान लुकनरने त्सुनामीवर बोट ठेवलं. अमेरिकन कैद्यांचं म्हणणं होतं की कैदी आणि बहुतेक खलाशी किनाऱ्यावर सहलीला गेले असताना जहाज वाहत गेलं.

कैद्यांचं म्हणणं जास्त पटतं. प्रवाळबेटाची बाहेरची बाजू एकदम खोल जाते. त्सुनामीला उंच व्हायला लांब, उथळ उतार हवा. नांगराचीही तिथे पंचाईत होते. तो नीट धरायचा तर साखळी खोलीच्या पाच ते सातपट सोडावी लागते, म्हणजे ओढ आडवी पडते आणि दात रुततात. आपल्या खाडीच्या चिखलात ते सोपं आहे. प्रवाळाच्या कड्याशी मात्र साखळी कमी सोडली तर दात निसटतात, आणि जास्त सोडली तर वारा फिरताच जहाज झुलत खडकापर्यंत पोहोचतं.