वजन अडकलंय की थकवा साचलाय?

बेंच प्रेसला (बाकावर आडवं होऊन बार छातीवरून वर ढकलणं) ६० किलोच्या ५ रेप्स, म्हणजे सलग ५ वेळा उचल, निघतात, सहावी महिनाभर काही केल्या निघत नाही. अशा वेळी जिममध्ये हमखास ऐकू येतं, ‘रुटीन बदल’. हा सल्ला नेहमीच लागू पडत नाही, कारण वजन अडकण्यामागे दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात.

एक म्हणजे शरीर सरावलेलं असतं. तेच सेट (रेप्सच्या फेऱ्या), तेच रेप्स, तेच वजन. जुळवून घ्यावं असं त्यात काही उरलेलं नसतं. दुसरी म्हणजे ताकद वाढलेली असते, पण थकव्याखाली दबलेली असते. बॅनिस्टर आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या मॉडेलनुसार प्रत्येक व्यायामाचे दोन परिणाम मागे उरतात: क्षमता आणि थकवा. थकवा सुरुवातीला मोठा असतो, पण लवकर ओसरतो. क्षमता सावकाश ओसरते. त्या दिवशी बारवर दिसते ती या दोघांची वजाबाकी. आठवड्यांमागून आठवडे थकवा ओसरायच्या आत नवा चढत गेला, तर वाढलेली ताकद दिसतच नाही.

फरक ओळखायचा तर वॉर्मअपकडे बघा. एरवी सहज उठणारं वजन जड लागतंय, बार संथ चाललाय, स्क्वॉट, डेडलिफ्टसारखे बाकीचे व्यायामही सोबत घसरलेत, झोप बिघडलीय, सांधे कुरकुरतायत, तर तो बहुधा थकवा. याउलट अंगात तरतरी आहे, बाकीचे व्यायाम पुढे सरकतायत आणि एकच लिफ्ट जागच्या जागी आहे, तर शरीर सरावलंय. (अंगाचं वजन कमी करायला जेवण तोडलं असेल, तर आधी तिकडे बघा.)

सरावलेल्या शरीराला नवा ताण लागतो. ५ रेप्सचे ३ सेट चालू असतील तर वजन उतरवून ८ रेप्सचे ४ सेट चार-सहा आठवडे मारा आणि मग जड वजनाकडे परत या. बार छातीवरून निघतानाच अडकत असेल तर छातीवर क्षणभर थांबवून बेंच करा. वरच्या टप्प्यात अडकत असेल तर पकड अरुंद घ्या. काही वेळा दोष रुटीनचा नसून उडीचा असतो. अडीच किलोची वाढ १४० किलोच्या डेडलिफ्टला दोन टक्क्यांहून कमी, पण ४० किलोच्या ओव्हरहेड प्रेसला सहा टक्क्यांहून जास्त. तिथे अर्ध्या किलोच्या प्लेट्स सगळ्या नव्या रुटीनपेक्षा जास्त कामाच्या.

थकव्यावर उपाय डिलोड: आठवडाभर सेट निम्मे, वजनही थोडं कमी, व्यायाम तेच. थकलेल्याने याच वेळी रुटीन बदललं तर नवे व्यायाम अंग आणखी दुखवतात आणि थकवा वाढतो. वर नव्या व्यायामात पहिले काही आठवडे वजन भराभर चढतं. त्यातला बराच भाग हालचाल अंगवळणी पडण्याचा असतो, पण ‘प्लेटो फुटला’, म्हणजे अडलेली प्रगती सुटली, असं वाटतं. बेंचचा आकडा मात्र तिथेच. म्हणून रुटीन बदलतानाही मुख्य लिफ्ट काढू नये असं माझं ठाम मत आहे. ती काढली तर मोजणार कशाने?

निदान होत नसेल तर आधी डिलोड घ्या. त्यात जातो फक्त एक आठवडा. परतल्यावर सहावी रेप निघाली तर थकवा होता. ताजेतवाने होऊनही पाचावरच थांबलात, तर रुटीन बदला.