कुठल्या पार्टीबद्दल बोलताय?

दादर-परळच्या एखाद्या इस्टेट एजंटचं फोनवरचं बोलणं कान देऊन ऐका. "पार्टी काल येऊन गेली. जागा आवडलीय तिला, पण तिची बायको वास्तू बघते म्हणे." मिशीवाला, दोन मुलांचा बाप असलेला गृहस्थ इथे सरळ ‘ती’ होतो, वर ‘तिला’ बायकोही असते. ऐकणाऱ्याला यात काही खटकत नाही. मुंबईत ‘पार्टी’ म्हणजे माणूस. त्यातही व्यवहारातला माणूस.

हा वापर चुकीचा, अडाणी इंग्रजीचा नमुना म्हणून अनेकदा हसण्यावारी नेला जातो. मला ते मुळीच पटत नाही. खटल्यात किंवा करारात उतरलेली बाजू म्हणजे ‘पार्टी’, हा इंग्रजीतला अर्थ केक-फुग्यांच्या अर्थापेक्षा कितीतरी जुना आहे. व्हिक्टोरिया राणीच्या काळात खुद्द इंग्लंडातही एखाद्या इसमाला थट्टेने ‘पार्टी’ म्हणायची रीत होती. तिकडे ती मागे पडली, आपल्याकडे टिकली.

ती मुंबईतच का रुजली, हे त्या काळाकडे पाहिलं की उमगतं. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे 1861 ते 1865 या काळात इथे कापसाचा पैसा धो धो आला. 1862 मध्ये हायकोर्ट सुरू झालं, 1872 मध्ये कराराचा कायदा झाला, 1875 मध्ये शेअर दलालांनी आपली संघटना बांधली. सौदा, कागद, वकील आणि दलाल यांचंच हे शहर. माझ्या मते हा शब्द कोर्टकचेरीतून पेढीवर आला आणि पेढीवरून बाजारात उतरला.

बाजाराने तो उचलला, त्यामागे सोयही होती. दलाल गिऱ्हाइकाचं नाव कधी सांगत नाही. नाव फुटलं की दोघे परस्पर भेटणार आणि दलाली बुडणार. म्हणून मूळजी जेठा मार्केटात काय किंवा झवेरी बाजारात काय, "पार्टी पक्की आहे", "पार्टी जरा टाइट आहे", "समोरची पार्टी ऐकत नाही" एवढंच कानावर येतं. नाव, जात, गाव सगळं झाकून फक्त पत सांगणारा इतका कामाचा दुसरा शब्द बाजाराकडे नाही.

गिरणगावात मात्र याच शब्दाचं वजन वेगळं होतं. 1928 च्या सहा महिन्यांच्या गिरणी संपातून लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन उभी राहिली, आणि लालबाग-परळच्या चाळींत ‘पार्टी’ म्हटलं की कम्युनिस्ट पक्ष, हे वेगळं सांगावं लागत नसे. "तो पार्टीचा माणूस आहे" या वाक्यात आदर असायचा. 1964 मध्ये पक्ष फुटला आणि मग "कुठली पार्टी?" असं विचारणं भाग पडलं. याच वस्त्यांत शाहिरांचे कार्यक्रम व्हायचे, आणि ‘शाहीर साबळे आणि पार्टी’ या नावातली पार्टी म्हणजे डफ-ढोलकीवाले, झीलकरी, सगळा ताफा. लग्नाच्या वरातीतली बँड पार्टीही त्याच कुळातली.

चाळीच्या गॅलरीखाली पोरं पार्ट्या पाडतात, ती आणखी निराळी गोष्ट. दोघादोघांच्या जोड्या बाजूला जाऊन खुसफुसतात, गुपचूप नावं ठरवतात आणि गळ्यात हात टाकून कॅप्टनसमोर येतात: "डोंगर पाहिजे की नदी?" डोंगर एका पार्टीत, नदी दुसरीत. उरलेलं शेंबडं पोर दोन्ही पार्ट्यांकडून कच्चा लिंबू. पार्टीचं मूळ फ्रेंच भाषेत सापडतं आणि तिथे त्याचा अर्थ भाग, वाटा असाच आहे. म्हणजे या पोरांचा वापर मुळाला सगळ्यात जवळचा.

राहिली खाण्यापिण्याची पार्टी. तिच्यातही मुंबईने आपली भर घातली. इथे पार्टी ‘होते’ त्यापेक्षा जास्त वेळा ती ‘द्यावी’ लागते. पगार वाढला, मुलगा दहावी झाला, नवी बाइक आली की "पार्टी कधी?" हा प्रश्न ठरलेला, आणि ऑफिसातल्या चौघांना वडापाव-चहा दिला तरी ती पार्टीच. मोठी असेल तर पुढचा प्रश्न येतो: ओली की सुकी? ओली म्हणजे दारूची. हा प्रश्न हळू आवाजात विचारायची सवय जुनी असावी, कारण 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर बरीच वर्षं शहरात पिणं चोरूनच चालायचं. बंधनं पुढे सैल झाली, कायदा मात्र नाव बदलून अजून आहे आणि प्यायला आजही कागदोपत्री परवाना लागतो. आषाढी अमावास्येला, म्हणजे गटारीला, ओल्या पार्टीला बसणाऱ्या किती जणांच्या खिशात तो असतो, हे ज्याचं त्याला ठाऊक.