गूगल फ्यूड आणि शोधसूचनांचे खेळ

गूगलच्या चौकटीत दोन-तीन शब्द टाइप केले की पुढचे शब्द सुचवणारी यादी खाली उघडते. या यादीतल्या ओळी झाकून ठेवायच्या, वाक्याची नुसती सुरुवात दाखवायची आणि पुढे काय असेल ते ओळखायला लावायचे, असे हे खेळ आहेत. त्यांतला सर्वांत गाजलेला खेळ म्हणजे ‘गूगल फ्यूड’. अमेरिकी लेखक जस्टिन हुक यांनी तो २०१३ मध्ये तयार केला. तो ब्राउझरमध्ये खेळतात. नावात गूगल असले तरी तो त्या कंपनीचा खेळ नाही.

संस्कृती, माणसे, नावे आणि प्रश्न यांपैकी एक गट निवडला की अर्धवट वाक्य समोर येते. त्याखाली दहा झाकलेल्या ओळी असतात. पहिल्या क्रमांकाची ओळ ओळखली तर १०,००० गुण, मग उतरत्या क्रमाने शेवटच्या ओळीला १,०००. तीन उत्तरे चुकली की डाव संपतो.

ही रचना ‘फॅमिली फ्यूड’ या अमेरिकी दूरचित्रवाणी कार्यक्रमावरून घेतलेली आहे. एबीसी वाहिनीवर तो १९७६ मध्ये सुरू झाला. शंभर लोकांना आधी एखादा साधा प्रश्न विचारून ठेवतात आणि त्यांनी काय उत्तरे दिली असतील ते स्पर्धक कुटुंबांनी सांगायचे असते. प्रश्नमंजूषेत जाणकार जिंकतो, इथे मात्र चार लोकांचे मन ओळखणारा जिंकतो. हुक यांनी हे मर्म जसेच्या तसे ठेवले आणि शंभर लोकांच्या जागी शोधयंत्र बसवले. या एका बदलाने खेळाचा स्वभावच पालटला. सर्वेक्षणात उत्तर देणाऱ्याला समोर कोणी ऐकणारे आहे याची जाणीव असते. शोधताना माणूस एकटा असतो. डॉक्टरांना विचारायची लाज वाटते ते दुखणे, घरात बोलता न येणारी शंका, मध्यरात्री आलेली भीती, सगळे तो त्या चौकटीत लिहितो. म्हणून झाकलेली ओळ उघडली की हसू येते आणि ‘हे आपल्यालाच वाटत होते असे नाही’ असा दिलासाही मिळतो. या खेळाची खरी गोडी मला या दिलाशातच दिसते.

सूचनांची ही सोय केविन गिब्ज या गूगलच्या अभियंत्याने नेमून दिलेल्या कामाबाहेरच्या वेळात घडवली. १० डिसेंबर २००४ रोजी ती प्रयोग म्हणून लोकांपुढे आली आणि २००८ मध्ये मुख्य पानावर सर्वांसाठी सुरू झाली. तिच्यामुळे टाइप करणे सुमारे २५ टक्क्यांनी कमी होते, असे कंपनीने २०१८ मध्ये सांगितले. कंपनी या ओळींना सूचना न म्हणता ‘अंदाज’ म्हणते: तुम्ही पुढे काय लिहिणार होता, याचा यंत्राने बांधलेला अंदाज. म्हणजे खेळाडूला अंदाजाचाच अंदाज बांधायचा असतो.

यादी एकसारखी राहत नाही. भाषा, ठिकाण, त्या दिवशीची चर्चा आणि स्वतःचे जुने शोध यांनुसार ती बदलते. शिवाय १० ऑगस्ट २०१५ पासून गूगलने आपल्या सूचनांचा साठा परवानगीशिवाय वापरणाऱ्यांना अटकाव केला.

या याद्यांना समाजाचा निखळ आरसा समजणे मात्र चुकीचे ठरेल. हिंसक, अश्लील, द्वेषमूलक ओळी गूगल गाळते. तरीही उरते ते कधीकधी बोचरे असते. यूएन वुमेन या संस्थेसाठी २०१३ मध्ये झालेल्या जाहिरातींत, ‘स्त्रियांनी…’ अशा सुरुवातींना मिळालेल्या खऱ्या सूचना स्त्रियांच्या चेहऱ्यांवर तोंडाच्या जागी छापल्या होत्या. त्याच वर्षी मे महिन्यात जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने, एखाद्याच्या नावापुढे बदनामीकारक शब्द सुचत असल्याचे लक्षात आणून दिल्यावर ते काढण्याची जबाबदारी गूगलवर येते, असा निकाल दिला.

मराठीत हा खेळ मांडायचा तर भाषेची ठेवण आधी ध्यानात घ्यावी लागते. इंग्रजीत प्रश्नार्थक शब्द वाक्याच्या तोंडाशीच येतो, त्यामुळे नुसत्या ‘का’पासूनही डाव रंगतो. मराठीत ‘का’ मागे जातो: ‘मांजर रात्री का ओरडते’. म्हणून सुरुवात नामापासून करावी, आणि नामाला जोडून काय येते यावर गुपित किती फुटेल हे ठरते. ‘पुणे ते’ म्हटले की पुढे गावाचे नाव येणार. ‘पुण्यात’ म्हटले की खोल्या, नोकऱ्या, पाऊस काहीही येऊ शकते. सर्वांत बहारदार जागा मधली. ‘उपवासाला… चालते का’ यातली गाळलेली जागा भरायला घेतली तर कोथिंबिरीपासून गाजरापर्यंत घराघरांतले वाद एका डावात निघतील. रोमन अक्षरांत मराठी टाइप करणाऱ्यांमुळे आणखी एक पेच येतो. ‘आहे’ हा शब्द कोणी सुरुवातीला एक ‘a’ घालून (ahe) लिहितो, कोणी दोन (aahe), आणि प्रत्येक लेखनाची यादी निराळी निघू शकते.

घरी खेळायला संकेतस्थळही लागत नाही. एकाने फोन धरावा, बाकीच्यांनी बोलावे, गाण्याच्या भेंड्यांसारखे दोन गट पाडावेत. फोन धरणाऱ्याने इनकॉग्निटो विंडो उघडावी, नाहीतर त्याचे स्वतःचे जुने शोध सगळ्यांसमोर यादीत येतात. अर्थ तोच पण शब्द वेगळा असे उत्तर धरायचे की नाही, हे मात्र डाव मांडण्याआधीच ठरवून घ्यावे.