बीपीची गोळी आणि कोरडी ढास

बीपीची गोळी सुरू होऊन काही आठवडे झाले की काहींना रात्री कोरडी ढास लागते. कफ नाही, ताप नाही, घसा मात्र सतत खवखवतो. खोकल्याच्या औषधाची बाटली संपते, एक्स-रे निघतो, त्यात काही सापडत नाही. एनालाप्रिल, रामिप्रिल, लिसिनोप्रिल अशा ‘प्रिल’ने संपणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी साधारण दहातल्या एकाला हा त्रास होतो, त्यातही बायकांना जास्त. मग ‘गोळी उष्ण पडली’ म्हणून ती परस्पर बंद होते. या खोकल्याचा माग काढत गेलं तर आपण ब्राझीलमधल्या एका सापापाशी पोहोचतो.

त्याआधीचा काळ आठवायला हवा. १९४५च्या एप्रिलमध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट मेंदूत रक्तस्राव होऊन गेले. त्यांचं बीपी किती चढलेलं आहे हे डॉक्टरांना आधी वर्षभर माहीत होतं, पण ते खात्रीने उतरवणारी गोळी जगात कुठेच नव्हती. मीठ कमी करा, विश्रांती घ्या, एवढंच सांगता येत होतं.

पहिल्या उपयोगी औषधांपैकी एक पुढे आलं ते मुंबईतून. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा रुग्णांवर झालेला परिणाम नीट नोंदवला आणि १९४९मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापला. मुळी आपल्याकडे शतकानुशतकं वापरात होती. जगाने तिची दखल घेतली ती या नोंदींमुळे. वकिलांचं नाव आपल्या शाळेच्या पुस्तकांत असायला हवं, असं मला मनापासून वाटतं. १९५२मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत या मुळीतून रिसर्पिन वेगळं काढलं गेलं. ते मज्जातंतूंच्या टोकांशी साठवलेली, रक्तवाहिन्या आवळणारी रसायनं रिकामी करतं. त्यामुळे बीपी उतरतं, पण त्याच कारणाने नाक चोंदतं, सुस्ती येते, आणि डोस मोठा असेल तर मन खचल्यासारखंही होतं.

त्याच १९४९च्या सुमारास ब्राझीलमध्ये साओ पावलोला रोशा इ सिल्वा आणि त्यांचे सहकारी जराराका नावाच्या विषारी सापावर काम करत होते. या सापाचं विष रक्तात मिसळलं की रक्तातल्याच प्रथिनापासून एक पदार्थ सुटतो, रक्तवाहिन्या सैलावतात आणि बीपी कोसळतं. आतड्याचा तुकडा या पदार्थाने सावकाश आकसतो, म्हणून ग्रीकमधल्या ‘सावकाश’ या अर्थाच्या शब्दावरून त्याला ब्रॅडिकायनिन हे नाव मिळालं. पुढे १९६५मध्ये सर्जिओ फेरेरा यांना त्याच विषात आणखी एक गोष्ट सापडली: ब्रॅडिकायनिन मोडू न देणारा घटक. तो घेऊन ते लंडनला जॉन वेन यांच्या प्रयोगशाळेत गेले. तिथे वाय. एस. बखले (आडनाव मराठी वाचकाला ओळखीचं वाटेल) फुप्फुसातल्या एका एन्झाइमवर काम करत होते. विषातल्या या घटकाने ते एन्झाइम बंद पडतं, हे त्यांना दिसलं.

हे एन्झाइम दोन कामं करतं. एक म्हणजे रक्तातल्या अँजिओटेन्सिन–१ या पदार्थाचं अँजिओटेन्सिन–२ करणं, जे रक्तवाहिन्या आवळतं आणि शरीरात मीठ-पाणी अडवून धरतं. दुसरं म्हणजे ब्रॅडिकायनिन मोडणं. एन्झाइम अडवलं तर बीपी उतरणार, हे उघड होतं. पण विषातले घटक पोटात पचून जात, त्यामुळे ते इंजेक्शनानेच द्यावे लागत. अमेरिकेत स्क्विब कंपनीत कुशमन आणि ओंडेट्टी यांनी एन्झाइमच्या खाचेत नेमका बसेल असा लहान रेणू बेतला. त्याचं नाव कॅप्टोप्रिल. १९८१मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

सुरुवातीच्या मोठ्या डोसांमुळे काहींच्या अंगावर पुरळ उठे, तोंडाची चव जाई. संशय रेणूतल्या गंधकाच्या गटावर गेला. डोस कमी झाले, गंधक नसलेलं एनालाप्रिल आलं आणि ती तक्रार बरीच ओसरली. खोकला मात्र राहिला. चव जाण्याचा दोष त्या एका रेणूच्या बांधणीत होता, म्हणून बांधणी बदलून तो कमी झाला. खोकला मात्र गोळीच्या मूळ कामातूनच येतो. एन्झाइम बंद झालं की श्वसनमार्गात ब्रॅडिकायनिन साचतं आणि तिथल्या नसा चाळवतात, असं मानलं जातं. म्हणून कंपनी बदलून फरक पडत नाही. गोळी थांबवल्यावर सहसा एक ते चार आठवड्यांत ढास जाते, पण ती डॉक्टरांना विचारून दुसरी सुरू करूनच थांबवायची. ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला तर मात्र वाट न पाहता गोळी बंद करून तडक दवाखाना गाठायचा. ब्रॅडिकायनिनचाच तो दुर्मीळ, पण घातक प्रकार आहे.

१९९५मध्ये अमेरिकेत लोसार्टनला मान्यता मिळाली आणि मग टेल्मिसार्टनसारखी भावंडं आली. ही औषधं एन्झाइमला हात लावत नाहीत. अँजिओटेन्सिन–२ जिथे जाऊन बसतं ती जागाच अडवतात. ब्रॅडिकायनिन नेहमीसारखं मोडत राहतं, त्यामुळे ढास फारशी लागत नाही. पोटॅशियम वाढण्याची शक्यता मात्र ‘प्रिल’ आणि ‘सार्टन’ अशा दोन्हींत आहे, म्हणून रक्ततपासणी लागते, आणि गरोदरपणात दोन्ही वर्ज्य आहेत.

आपल्याकडे टेल्मिसार्टनबरोबर एकाच गोळीत बऱ्याचदा अम्लोडिपिन हे बीपीचंच दुसरं औषध असतं. ते एकटं घेतलं तर काहींच्या घोट्यांवर संध्याकाळी सूज दिसते, कारण ते धमन्या सैल करतं पण शिरा तेवढ्या सैल होत नाहीत. रक्ताला यायची वाट मोठी आणि परतायची अरुंद राहते, म्हणून पाणी पायात झिरपतं. लघवीच्या गोळीने ही सूज फारशी उतरत नाही. टेल्मिसार्टन शिराही थोड्या सैल करतं, त्यामुळे जोडगोळी घेणाऱ्यांच्या पायांना सूज कमी येते.