मॉर्फ केलेला फोटो आणि पूर्ण एआयने बनवलेला फोटो: अमेरिकेतल्या राज्यांचे कायदे नेमके कुठे अडतात

एआयने बनवलेल्या बाल लैंगिक शोषणाच्या चित्रांवर अमेरिकेत एकामागून एक राज्यं आपले कायदे बदलतायत, आणि तो विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकायला मिळतात. "त्यात खरं मूलच नाहीये, मग गुन्हा कसला?" आणि त्याच्या उलट, "असले फोटो आधीपासून बेकायदाच आहेत, नवीन कायदा कशाला हवा?" दोन्ही वाक्यं अर्धवट आहेत, कारण दोन्हीकडे दोन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात कोंबलेल्या असतात. एक म्हणजे खऱ्या मुलाचा फोटो घेऊन त्यात फेरफार करून, म्हणजे मॉर्फ करून, बनवलेलं चित्र. दुसरी म्हणजे असं चित्र की ज्यातलं मूल जगात कुठे अस्तित्वातच नाही. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसू शकतात, पण कायद्यात त्यांचे रस्ते पार वेगळे आहेत.

पहिला प्रकार सगळ्यांना माहीत आहे त्यामुळे पटकन उरकतो. शाळेतल्या मुलीचा साधा फोटो उचलायचा, कपडे काढणाऱ्या ॲपमध्ये टाकायचा, किंवा चेहरा दुसऱ्याच शरीराला जोडायचा. हे फोटोशॉपने केलं, डीपफेक ॲपने केलं की आणखी कशाने, फोटो आहे की व्हिडिओ, याने मूळ मुद्द्यात काडीचाही फरक पडत नाही, त्यावर तासन्‌तास वाद घालणं सोडा. प्रश्न एवढाच की चित्रातलं मूल खरं आणि ओळखता येण्यासारखं आहे का. असेल तर पीडित आहे, नाव-गाव असलेली आहे, उद्या तिला त्याच वर्गात जाऊन बसायचंय. अशा प्रकरणात कुणी "एआयच आहे, खरं थोडंच आहे" म्हणालं की माझं डोकंच फिरतं. चेहरा तिचा आहे, बदनामी तिची आहे, मग खोटं काय राहिलं त्यात?

फेडरल, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात या प्रकाराला १९९६ पासून जागा आहे, ओळखता येणाऱ्या मुलाचं चित्र बदलून तसं दृश्य तयार केलं तर ते बाल अश्लीलतेच्या व्याख्येतच येतं. राज्यांत मात्र घोळ झालेले आहेत. न्यू हॅम्पशायरचं २००८ चं प्रकरण बघा. मुलांच्या कॅम्पवर फोटो काढणाऱ्या माणसाने तिथल्या मुलींचे चेहरे प्रौढ बायकांच्या शरीरांना जोडून लैंगिक दृश्यं बनवली होती. खालच्या कोर्टात शिक्षा झाली, पण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती उलटवली, का तर चित्रं त्याने कुणाला वाटली नव्हती, नुसती जवळ ठेवली होती, शरीरं मुलांची नव्हती, म्हणून मुलींचं नुकसान झालं असं म्हणता येत नाही. मला हा निकाल आजही पटत नाही. नंतर फेडरल अपील न्यायालयं वेगळ्या वाटेने गेली. २०१२ मध्ये त्यातल्याच एका, सहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयासमोर आलेल्या प्रकरणात तर एका वकिलाने खरं-खोटं ओळखणं किती अवघड आहे हे कोर्टाला दाखवायला म्हणून दोन मुलींचे साधे फोटो मॉर्फ केले होते, हेतू कोर्टातला पुरावा, तरीही प्रत्येक मुलीला दीड लाख डॉलर भरपाई देण्याचा आदेश कायम राहिला. खरं मूल चित्रात आलं की कायदा कुठल्या बाजूला झुकतो ते यातून कळतं.

आता दुसरा प्रकार, आणि खरी गाडी इथे अडते.

अमेरिकेत अभिव्यक्तिस्वातंत्र्य जपणाऱ्या पहिल्या घटनादुरुस्तीमुळे सरकारला कुठलीही अभिव्यक्ती गुन्हा ठरवायची तर तसं सबळ कारण लागतं. मुलांच्या बाबतीत ते कारण १९८२ मध्ये फर्बर खटल्यात दिलं गेलं: असं चित्र बनवतानाच एका खऱ्या मुलाचं शोषण झालेलं असतं आणि ते चित्र म्हणजे त्या शोषणाची कायमची नोंद असते. म्हणून ते अश्लीलतेच्या नेहमीच्या कसोटीत बसो न बसो, त्याला संरक्षण नाही. १९९० मध्ये ओहायोच्या खटल्यात कोर्ट आणखी पुढे गेलं, नुसतं घरात बाळगणंही गुन्हा ठरवता येईल म्हणालं. हा सगळा डोलारा एकाच खांबावर उभा आहे, खरं मूल.

तो खांब काढला तर काय होतं हे २००२ मध्ये दिसलं. १९९६ च्या कायद्यात "मुलासारखं दिसणारं" चित्रही गुन्हा केलं होतं, आणि ॲशक्रॉफ्ट विरुद्ध फ्री स्पीच कोएलिशन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो भाग रद्द केला. खरं मूल नाही, तर फर्बरचं कारण लागू नाही, आणि अश्लीलतेची कसोटीही या कायद्यात लावलेली नाही, मग हा भाग टिकत नाही, असं सरळ गणित. मॉर्फ केलेल्या फोटोंचं कलम त्या खटल्यात आव्हानात नव्हतंच, ते तसंच राहिलं. ही गोष्ट बातम्यांमधून कायम गळते आणि मग "अमेरिकेत कोर्टाने खोटे फोटो चालतील म्हटलंय" असं फिरत राहतं. तसं म्हटलेलं नाही.

मग पूर्ण बनावट चित्राला कायद्यात दार कुठलं? दार आहे, पण दुसरं, अश्लीलतेचं. १९७३ च्या मिलर खटल्यातली तीन भागांची कसोटी: समाजाच्या मापाने बघता ते एकूणात कामुक वृत्तीला चाळवणारं आहे का, लैंगिक कृत्य उघडपणे किळसवाणं दाखवलंय का, आणि त्यात साहित्य, कला, राजकारण किंवा विज्ञान म्हणून काही गंभीर मोल आहे का. २००३ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, प्रोटेक्ट कायदा केला तेव्हा अश्लील बालचित्रांसाठी वेगळं कलम आणलं आणि त्यात लिहूनच टाकलं की चित्रातलं मूल प्रत्यक्षात असण्याची गरज नाही. म्हणून "खरं मूल नाही तर गुन्हा नाही" हे पहिलं वाक्य चूक.

पण या दुसऱ्या दारातून आलं की एक अडचण बरोबर येते. १९६९ च्या स्टॅन्ली विरुद्ध जॉर्जिया खटल्यात कोर्टाने म्हटलंय की अश्लील साहित्य स्वतःच्या घरात नुसतं बाळगणं हा गुन्हा करता येणार नाही. बनवणं, विकणं, पाठवणं वेगळं, पण ताबा नाही. ओहायोचा निकाल याला अपवाद होता, पण तो खऱ्या मुलांच्या चित्रांसाठी. ही अडचण नुसती पुस्तकातली नाही. विस्कॉन्सिनमध्ये २०२४ साली एकाला स्टेबल डिफ्युजन हे चित्रं बनवणारं एआय वापरून हजारो अशी चित्रं बनवल्याच्या आरोपावरून अटक झाली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये फेडरल न्यायाधीशांनी त्यातला फक्त ताब्याचा आरोप स्टॅन्लीचा आधार घेऊन काढून टाकला. चित्रं बनवण्याचे, वाटण्याचे आणि अल्पवयीन मुलाला पाठवण्याचे आरोप राहिले, आणि सरकार अपिलात गेलं. म्हणजे "आधीपासून बेकायदाच आहे" हे दुसरं वाक्यही निम्मंच खरं.

आणि हे सगळं फेडरल पातळीवरचं झालं. बाल शोषणाचे बहुतेक खटले स्थानिक सरकारी वकील राज्याच्या कायद्याखाली चालवतात, आणि बऱ्याच राज्यांच्या जुन्या व्याख्येत "१८ वर्षांखालील व्यक्ती" असं असतं, म्हणजे व्यक्ती हवी. कॅलिफोर्नियात व्हेंचुरा काउंटीच्या सरकारी वकिलांच्या ऑफिसने नेमकी हीच तक्रार केली होती, चित्रं समोर आहेत पण खरं मूल सिद्ध करता येत नाही म्हणून खटला भरता येत नाही. त्यातून ही फट बुजवणारं एबी १८३१ हे विधेयक आलं, सप्टेंबर २०२४ मध्ये सही झाली, १ जानेवारी २०२५ पासून लागू. त्याआधी सप्टेंबर २०२३ मध्ये ५४ राज्यांच्या आणि प्रदेशांच्या ॲटर्नी जनरलनी मिळून काँग्रेसला पत्र लिहिलं होतं, याच विषयावर.

पुराव्याची बाजूही समजून घ्या. आज चित्र इतकं हुबेहूब असतं की खरं मूल वापरलेलं असलं तरी बचाव पक्ष उठून म्हणू शकतो, सिद्ध करा हे एआय नाहीये. तपास करणाऱ्यांचंही तेच, कुठल्या मुलाला शोधून सोडवायचंय आणि कुठलं मूल मुळात नाहीच हे ठरवण्यातच वेळ जातो. अमेरिकेतल्या बेपत्ता आणि शोषित मुलांसाठीच्या राष्ट्रीय केंद्राकडे, म्हणजे एनसीएमईसीकडे, जनरेटिव्ह एआयशी संबंधित तक्रारी २०२३ मध्ये ४,७०० होत्या, २०२४ मध्ये ६७,००० झाल्या. त्यात ही मॉडेलं ज्या डेटावर शिकतात त्याचाही प्रश्न आहे. डिसेंबर २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांना लायन-५बी या डेटासेटमध्ये खऱ्या शोषणाच्या हजाराहून जास्त चित्रांच्या लिंक सापडल्या, तेव्हा "कुणाचंच नुकसान नाही" हे म्हणणं इतकं सोपं नाही.

म्हणून राज्याने कायदा कसा लिहावा याबद्दल माझं मत पक्कं आहे: दोन प्रकारांना दोन वेगळी कलमं हवीत. मूळ व्याख्येत "ओळखता येणारं खरं मूल" घालून मॉर्फ केलेलं चित्र फर्बरच्या दारातून आणायचं, ताब्यासकट. पूर्ण बनावट चित्रासाठी स्वतंत्र कलम, मिलरच्या कसोटीला घट्ट बांधलेलं, आणि भर बनवण्यावर आणि पसरवण्यावर. जुन्या व्याख्येत नुसते "किंवा एआयने बनवलेले" असे शब्द चिकटवून मोकळं व्हायचं हा आळशीपणा आहे, असा कायदा पहिल्याच तगड्या बचावाच्या वकिलासमोर लटपटतो आणि दोषी सुटतो. टेक्ससने १ सप्टेंबर २०२५ पासून लागू केलेल्या एसबी २० या कायद्यात "अश्लील" हा शब्द नीट घातलाय, कार्टून, ॲनिमेशन, एआय सगळं धरलंय, ते मला आवडलं. पण त्यात ताबाही गुन्हा आहे, म्हणजे घरातल्या ताब्यावर कुणी स्टॅन्ली पुढे करणार हे धरून चालायचं.

एक फट मात्र पहिल्या प्रकारातही राहते. कपडे काढणाऱ्या ॲपमधून येणारं चित्र बऱ्याचदा नुसतं नग्न असतं, आणि बाल अश्लीलतेच्या फेडरल व्याख्येला लैंगिक कृत्य किंवा कामुक प्रदर्शन लागतं, त्यामुळे काही चित्रं निसटतात. मे २०२५ मध्ये सही झालेल्या टेक इट डाउन कायद्याने त्यातलं बरंच भरून काढलं, असं चित्र प्रसिद्ध करणं हा गुन्हा झाला आणि तक्रार आल्यावर ४८ तासांत काढून टाकण्याची जबाबदारी प्लॅटफॉर्मवर आली. याच नावाची एनसीएमईसीची एक मोफत सेवाही आहे, ती कायद्याच्या आधीपासूनची आणि वेगळी. त्यात फोटो कुणाला पाठवावा लागत नाही, आपल्याच फोनवर किंवा कॉम्प्युटरवर त्याचा डिजिटल ठसा तयार होतो आणि सहभागी प्लॅटफॉर्म त्यावरून तो शोधून काढतात. अमेरिकेत राहणाऱ्या कुणाच्या मुलीबाबत असं घडलं तर राज्याचा कायदा बदललाय की नाही हे शोधत बसू नका, चेहरा खरा आहे म्हणजे हा पहिला प्रकार आहे, आजच तक्रार करा.