राष्ट्रस्थापनेची टपाल तिकिटे (नागपूर)

देशाच्या जन्माची आठवण टपाल तिकीट, विशेष आवरण (म्हणजे खास लिफाफा) व शिक्का यांतून जपण्याची प्रथा. स्वतंत्र भारतात तिची सुरुवात तिकिटाने झाली नाही, शिक्क्याने झाली. 15 ऑगस्ट 1947 रोजी टपालावर ‘जय हिंद’ हा शिक्का उमटला. तो उमटत होता मात्र ब्रिटिश राजा सहाव्या जॉर्जचे चित्र असलेल्या तिकिटांवर, कारण नवी तिकिटे अजून यायची होती.

पहिले तिकीट 21 नोव्हेंबर 1947 चे, साडेतीन आण्यांचे. त्यावर फडकता तिरंगा आहे. तारीख छापली आहे ती मात्र 15 ऑगस्टचीच. नवख्या संग्राहकाची इथे हमखास गल्लत होते. हे तिकीट परदेशी टपालासाठी होते. देशांतर्गत पत्रासाठी दीड आण्याचे अशोकस्तंभाचे, तर हवाई टपालासाठी बारा आण्यांचे विमानाचे, अशी आणखी दोन तिकिटे 15 डिसेंबरला निघाली. छपाई नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसची. पुढच्या वर्षीची गांधीजींची तिकिटे स्वित्झर्लंडमध्ये छापून घेतली गेली. खादीच्या पुरस्कर्त्याची तिकिटे परदेशी छापली गेली याची चुटपुट जुन्या संग्राहकांत अजून ऐकू येते.

नागपूरकरांच्या दृष्टीने या मालिकेत महत्त्वाचे तिकीट झेंड्याचेच. 1923 च्या झेंडा सत्याग्रहात हाच प्रश्न होता: झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्समध्ये जायचे की नाही. जमनालाल बजाज पकडले गेले, मग वल्लभभाई पटेलांनी सूत्रे हाती घेतली, आणि 18 ऑगस्टला मिरवणूक त्या भागातून गेली. नागपूरचे मुख्य टपाल कार्यालय, म्हणजे सगळ्यांचे जीपीओ, याच सिव्हिल लाइन्समध्ये आहे. त्या वेळच्या झेंड्यावर चरखा होता. 22 जुलै 1947 रोजी संविधान सभेने मान्य केलेल्या ध्वजावर त्याच्या जागी अशोकचक्र आले, म्हणून साडेतीन आण्यांच्या तिकिटावर चरखा शोधून सापडत नाही. तो सापडतो 26 जानेवारी 1950 च्या प्रजासत्ताक मालिकेत, बारा आण्यांच्या तिकिटावर. त्याच मालिकेतील इतर तिकिटांवर जल्लोष करणारा जमाव, दौत-लेखणी आणि कणीस-नांगर आहेत. बजाजांचे स्वतःचे तिकीट 1970 साली निघाले.

जीपीओतील फिलाटेली ब्युरोत, म्हणजे संग्राहकांसाठीच्या तिकीट-विभागात, नवी तिकिटे व प्रथम दिवस आवरणे (तिकीट निघाल्या दिवसाचा शिक्का असलेले लिफाफे) मिळतात. शिक्का मारून घेताना संग्राहक खिडकीशी वाकून सांगतो, ‘भाऊ, कोपऱ्यावर मारा, हलकासा.’ झेंड्यावर काळी शाई सांडली की आवरणाची शोभा गेली. घरी दुसरे संकट असते: वैशाखातल्या कोरड्या उन्हाने गोंद आकसून तिकीट पाठीमागे गुंडाळते, आणि आषाढात तेच अल्बमच्या पानाला घट्ट चिकटते. चिमट्याने ओढले तर आधी दातेरी कड जाते.