घरचा डीव्हीआर बिघडणे

सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचं चित्र ज्या डब्यात साठतं तो डीव्हीआर. कॅमेऱ्याकडून वायरीतून आलेलं चित्र तो कॉम्प्रेस करून आतल्या हार्डडिस्कवर लिहितो, आणि डिस्क भरली की सगळ्यात जुनं पुसून त्याच जागी नवीन लिहित राहतो. 'डीव्हीआर गेला' असं आपण सहज म्हणतो पण खरं तर डबा स्वतः क्वचितच जातो, बहुतेक वेळा गेलेला असतो तो अडॅप्टर, हार्डडिस्क नाहीतर वायरीच्या टोकाची बीएनसी पिन.

यातला सगळ्यात वाईट बिघाड दिसतच नाही. डिस्क मेली तरी स्क्रीनवर चारही कॅमेरे छान लाइव्ह दिसत राहतात, कारण लाइव्हला डिस्क लागतच नाही, आणि मग चोरी झाल्यावर फुटेज काढायला बसलं की कळतं महिनाभर काही रेकॉर्डच झालेलं नाही. त्यामुळे लाइव्ह बघून समाधान मानू नये, अधूनमधून प्लेबॅक उघडून कालचं रेकॉर्डिंग आहे का ते बघावं. डीव्हीआर सारखा बीप बीप करत असेल तर तो बहुतेक वेळा डिस्क सापडत नाही हेच सांगत असतो, आणि लोक आवाजाला कंटाळून सेटिंगमध्ये जाऊन बीपच बंद करतात, हे अजिबात करू नये. डिस्क घेताना पण साधी कॉम्प्युटरची घेऊ नये, ती चोवीस तास लिहिण्यासाठी बनवलेली नसते, सर्व्हेलन्सची वेगळी मिळते. दोन मेगापिक्सेलचे चार कॅमेरे, प्रत्येकी २ एमबीपीएस (सेकंदाला २ मेगाबिट डेटा) धरला तर दिवसाला साधारण ८६ जीबी होतात, म्हणजे १ टीबीत अकराच दिवस बसतात. बाराव्या दिवशी जुनं सापडलं नाही तर तो बिघाड नाही.

डीव्हीआर लोगोवरच अडकत असेल किंवा सारखा रीस्टार्ट होत असेल तर आधी अडॅप्टरवर संशय घ्यावा. डिस्क फिरायला लागताना जास्त करंट ओढते, तेवढा जुन्या १२ व्होल्टच्या अडॅप्टरला झेपत नाही. लाइट बंद करून डिस्कच्या वायरी काढाव्यात आणि चालू करून बघावं, सुरू झाला तर दोष डिस्कचा नाहीतर अडॅप्टरचा, आणि डब्यावर लिहिलंय तेवढ्याच व्होल्टचा चांगला अडॅप्टर लावला की बाकीचं कळतं.

एकाच कॅमेऱ्यावर 'व्हिडिओ लॉस', म्हणजे चित्रच नाही, असं येत असेल तर त्याची पिन चालू असलेल्या चॅनलवर लावून बघायची. अंधार तिकडेही गेला तर कॅमेरा किंवा वायर खराब, चित्र आलं तर डीव्हीआरचा तो पोर्ट गेला. पावसाळ्यात बाहेरच्या पिना गंजतात, ते आपल्याकडचं नेहमीचंच. कॅमेरा दिवसा चालतो आणि रात्री बंद पडतो, ही तक्रार पण खूप जणांची असते, तर अंधार झाला की कॅमेऱ्याचे आयआर एलईडी (अंधारात दिसण्यासाठीचे इन्फ्रारेड दिवे) लागतात, करंट वाढतो, आणि वायर लांब आणि बारीक असेल तर पोचेपर्यंत व्होल्टेज पडतं. त्यासाठी डीव्हीआर उघडायचं काही कारण नाही, एसएमपीएस (कॅमेऱ्यांना वीज देणारा पॉवर सप्लाय) आणि वायर तपासावी.

लाइट गेली की तारीख मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा बटण सेल, बहुतेक वेळा सीआर२०३२, संपलेला असतो. मग फुटेज असतं पण भलत्याच तारखेखाली, त्यामुळे 'आज' शोधून काही मिळत नाही. पोलिसांना फुटेज द्यायची वेळ आली की वेळ चुकलेली असणं फार नडतं.

मोबाईलवर ऑफलाइन दाखवत असेल आणि टीव्हीवर चित्र येत असेल तर राउटर आणि नेटची वायर बघावी, डीव्हीआर ठीक असतो. पासवर्ड मात्र कंपनीने दिलेला तसाच ठेवू नये, २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने असल्या पासवर्डवरच जगभरचे हजारो डीव्हीआर आणि कॅमेरे ताब्यात घेतले होते.

दुरुस्तीवाला 'फॉरमॅट मारू का' विचारतो तेव्हा हवं ते फुटेज आधी पेनड्राइव्हवर काढून घ्यावं. डिस्क काढून कॉम्प्युटरला लावली तर बऱ्याच डीव्हीआरचं फुटेज तिथे दिसत नाही, फाइल ठेवायची पद्धत वेगळी असते, आणि विंडोज लगेच 'फॉरमॅट करा' म्हणतं, तिथे हो म्हणायचं नाही.